चुलत सासऱ्यांचं पॉलीहाऊस

अवघ्या पृथ्वीचा ताप आपण एकट्याने उतरवायचा, असा विडा उचललेला माणूस जगात एकच आहे आणि तो नेमका माझा चुलत सासरा आहे! मलकापूरच्या पुढे त्यांचं गाव. फौजेतून सुभेदार होऊन परतले, उसाच्या कडेला ढोबळी मिरचीचं पॉलीहाऊस घातलं आणि त्या प्लॅस्टिकच्या खोलीत त्यांना जगाचं दुखणं सापडलं. तेव्हापासून त्यांच्या तावडीतून कोणी सुटलेलं नाही. लग्नपत्रिका द्यायला आलेला पाहुणा असो की विजेचं मीटर बघायला आलेला माणूस, भर दुपारी "फॉलिन!" म्हणून त्याला आत घालायचं, दार लावायचं आणि पाठ सुरू. "ऊन आत आलं का? आलं. भाईर जायाला वाट हाय का? न्हाई! तसाच धुराचा कागद आपुन आबाळाला डकवलाय. समझे?" आत जीव कासावीस झालेल्या माणसाला सगळंच समजतं.

मी अधिक महिन्यात धोंड्याचं जेवायला गेलो होतो. अंगावर सासरचा नवाकोरा सूट, पोटात तुपातले धोंडे, आणि काकांनी मला आत घेतलं. बाहेरून बायको ओरडतेय, "काका, सोडा त्यांना!" आतून उत्तर, "थांब गं, जावईबापूंचा मिथेन ऱ्हायलाय अजून!" बाहेर आलो तेव्हा सुटाचा रंग बनियनला लागला होता. पण खरं सांगतो, मजा आली. बोलताना माणूस असा रंगतो की मिरचीच्या रोपांनीसुद्धा मान डोलवावी.

सारा गाव ऐकायचा, ऐकत नव्हते ते फक्त थोरले बंधू, म्हणजे माझे सासरे. त्यांचं रान बांधाला लागून. ऊस कारखान्याला गेला की ते रिवाजाप्रमाणे रानात उरलेल्या वाळक्या पाल्याला, पाचटाला, काडी लावायचे. त्या दिवशी काका जेवायचे नाहीत. "सख्खा भाऊ ऐकंना, मग गावानं का ऐकावं?" एवढंच म्हणायचे.

गेल्या थंडीत त्यांनी थोरल्यांनाही आत नेलं. सगळं ऐकून सासरे म्हणाले, "लय ब्येस. गुडघं मोकळं झालं बघ. उद्या यीन." आणि ते खरंच रोज जाऊ लागले! काका तळमळून प्रलय सांगायचे, सासरे डोळे मिटून ऊब घ्यायचे.

ऊस तुटला त्या दिवशी मी तिथेच होतो. काका बांधावर उभे. सासऱ्यांनी खिशातून काडेपेटी काढली, पाचटाकडे पाहिलं, ती परत खिशात घातली आणि गड्याला म्हणाले, "ऱ्हाऊ दे रं. सरीत दाबा."

काकांचा चेहरा उजळला. "दादा, पटलं न्हवं?"

"न्हाई गड्या. आबाळाला कागद कसा चिकटंल? पन लहानपनी सुदिक तू माझ्याकडं येवढं कवा काय मागितलं न्हवतंस."

दोघे म्हातारे त्या पाचटावरच टेकले. पृथ्वी त्यामुळे कितीशी निवली, मला ठाऊक नाही. ते दोघे अजून खूप वर्षं तिथे तसेच बसलेले दिसावेत, असं मात्र फार वाटलं.