एस्तेर मावशीच्या मांडवात

त्या वर्षी डब्लिनजवळच्या ब्लँचर्डस्टाउनच्या आमच्या परसात मांडव घातला नाही. सुकोत (मांडवाचा सण) आला की सात दिवस पालापाचोळ्याच्या छपराखाली बसून जेवायचं, अशी आमची रीत. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. लहानपणी ठाण्याला सिनेगॉगच्या अंगणात नारळाच्या झावळ्यांचा मांडव पडायचा. मांडवाला हिब्रूत म्हणतात ‘सुक्का’, आणि आयर्लंडमध्ये सुक्का काही सुका राहत नाही. दर वर्षी पहिल्याच जेवणात वरणात पाऊस पडतो आणि आम्ही ताटं उचलून घरात पळतो.

ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तिकडची लढाई अजून सुरू व्हायची होती, विमानं वेळेवर सुटत होती. इस्रायलला जायचं आईच्या मनात आलं आणि तिने ते बोलून दाखवलं. बाबा गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. तेव्हा वय बहात्तर. तिची थोरली बहीण, माझी एस्तेर मावशी, लग्न होऊन इस्रायलला गेली त्याला पन्नासच्या वर वर्षं झाली होती. त्याच्या आठ महिने आधी मावशीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेल्यासारखीच झाली. तिचा एकुलता एक मुलगा बेनी आधीच वारला होता. त्याच्या बायकोने, ओर्नाने, सासूला दक्षिणेतल्या दिमोनाहून उचलून उत्तरेला गालीलच्या डोंगरात आपल्या घरी नेलं. दर शुक्रवारी आम्ही फोन करायचो. ओर्ना इंग्रजीत सांगायची, “ती आता कोणाला ओळखत नाही.” मग फोन मावशीच्या कानाला लावायची. पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा.

“ओळखो न ओळखो,” आई म्हणाली, “मी तिला ओळखते ना? मला घेऊन चल.”

नवऱ्याला रजा नव्हती. मी, आई आणि माझी दहा वर्षांची नोआ, अशा तिघी निघालो. शाळेला मधेच आठवडाभर दांडी, म्हणून मी बाईंना चिठ्ठी लिहिली. बाईंनी फाटकातच हात हलवून सांगितलं, “आजीच्या बहिणीला भेटायला चाललीय ना? शुअर, इट’ल बी ग्रँड!”

मधल्या विमानतळावर इस्रायलच्या विमानात चढण्याआधी वेगळी तपासणी झाली. एका तरुण अधिकारी मुलीने आईची बॅग उघडली आणि आतून पांढरा भुगा उसळला. पोह्यांची पिशवी फुटली होती.

“हे काय?”

“पोहे,” आई शुद्ध मराठीत म्हणाली. “मलिद्याचे.” मलिदा म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं आणि फळं, एलियाहू हन्नबीचं, म्हणजे प्रेषित एलियाचं, नाव घेऊन आम्ही तो करतो. एवढं सगळं इंग्रजीत सांगताना माझी तारांबळ उडाली. मुलीने चिमूटभर पोहे तळहातावर घेऊन वास घेतला.

“घरी कुठली भाषा बोलता?”

“मराठी,” मी म्हणाले.

“आणि ही?” तिने नोआकडे बोट दाखवलं.

“आय अंडरस्टँड इट,” नोआ डब्लिनी हेल काढून म्हणाली. “आय जस्ट डोन्ट स्पीक इट, लाइक.”

ती अधिकारी मुलगी हसली आणि पोहे भरायला तिनेच एक पिशवी आणून दिली. तरी पुढचे आठ दिवस आमच्या प्रत्येक कपड्यातून पोहे गळत होते.

तेल अवीवला उतरून भाड्याची गाडी घेतली. आयर्लंडमध्ये गाडी डावीकडून चालवायची, इथे उजवीकडून. हमरस्त्यावर जमलं, पण तिबेरियासच्या अलीकडे एका चौकात मी मधला गोल उलट्या बाजूने घेतला. समोरून आलेली गाडी थांबली, तिच्यामागे आणखी चार. “ममी, युअर मॅन इज शाउटिंग ॲट यू,” नोआने मागून कळवलं; डब्लिनमध्ये ‘युअर मॅन’ म्हणजे नुसता ‘तो माणूस’. तो माणूस खरंच ओरडत आला, पण मागच्या सीटवर लुगडं नेसलेली आई पाहून त्याचा आवाज खाली आला. त्याने मधोमध उभं राहून चारी बाजूंच्या गाड्या थोपवल्या, मला मागे घ्यायला लावलं आणि निघताना काचेतून विचारलं, “कुठून?”

“आयर्लंड.”

त्याने आईकडे पुन्हा एकदा निरखून पाहिलं. “नाही,” तो ठामपणे म्हणाला आणि निघून गेला.

पुढे घाट लागला. आयर्लंडच्या हिरव्याला सरावलेले माझे डोळे त्या डोंगरांवर आधी बुजलेच. उन्हाळाभर तापून गवत पिवळं पडलेलं, मधे पांढरे खडक, आणि त्यांच्यामधून राखाडी हिरव्या पानांची ऑलिव्हची झाडं. एका वळणावर खाली गालीलचं सरोवर एकदम उघडं पडलं. आई म्हणाली, “थांबव जरा.” मला वाटलं तिला पाणी बघायचंय. पण तिने पर्समधून आरसा काढला, केस नीट केले, लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या. “चल,” म्हणाली.

ओर्ना फाटकात उभी होती. पन्नाशीची, आखूड कुरळे केस, मसाल्याने लाल झालेले हात. तिचं माहेर मोरोक्कोतून आलेल्या ज्यूंचं. आत लाल मिरचीच्या रश्शात मासे रटरटत होते. आईने तिला पहिल्या मिनिटाला जवळ घेतलं आणि मला बजावलं, “नावाने हाक मारायची नाही. वहिनी लागते तुझी.” तेव्हापासून ती ओर्नावहिनी झाली. तो शब्द तिला आवडला.

मांडव अंगणात होता. लाकडी चौकट, बाजूंना पांढरे पडदे, वर खजुराच्या झावळ्या, त्यांतून लोंबणारी डाळिंबं. टेबलावर सणाचं महाळुंग, मोठ्या लिंबासारखं फळ, ठेवलं होतं, त्याचा वास सगळीकडे भरला होता. चाकाच्या खुर्चीत मावशी. माझ्या लग्नात पाहिली होती तेव्हा ती आडव्या अंगाची, मोठ्या आवाजाची बाई होती. आता खुर्चीत अर्धीच उरली होती.

आई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. “ताई.”

मावशीने डाव्या हाताने आईचा चेहरा चाचपला. कपाळ, नाक, हनुवटी. तिचे ओठ थरथरले. “मी…” ती म्हणाली. “मी… मी…”

“हो गं, तूच,” आई रडत म्हणाली. “आणि ही मी, दीना. आले बघ.”

मी सहज वर पाहिलं. ओर्नावहिनीचा चेहरा पडला होता. ती वळून घरात गेली. तिला काय लागलं ते मला कळेना.

संध्याकाळी सणाचं पहिलं जेवण झालं. वारा पडला होता, वर झावळ्यांमधून चांदण्या दिसत होत्या आणि वरणात पाऊस पडत नव्हता याचंच नोआला नवल वाटत होतं. वहिनी मावशीला भरवत होती. प्रत्येक घासाआधी मावशी काहीतरी पुटपुटायची, वहिनी तितक्याच शांतपणे काहीतरी उत्तर द्यायची, मग घास. माझं हिब्रू प्रार्थनेपुरतं. मला वाटलं, दोघींची ही रोजची लाडीगोडी असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई पडली होती, नोआ अंगणात मांजरीच्या मागे होती. मी स्वयंपाकघरात काकडी चिरत होते, वहिनी मावशीसाठी कुसकुस (बारीक रव्याच्या भातासारखं असतं) रश्शात कालवत होती.

“किती करतेस तिचं, वहिनी,” मी म्हणाले. आम्ही इंग्रजीत बोलत होतो.

“करण्याचं काही वाटत नाही,” ती म्हणाली. “एकच गोष्ट कठीण जाते. ती रोज मला विचारते, कोण म्हणून.”

“कसं विचारते? तिला तर बोलता येत नाही.”

“एक शब्द येतो. ‘मी’. हिब्रूत ‘मी’ म्हणजे ‘कोण’. मी वाटी घेऊन गेले की ‘मी? मी?’ म्हणते. मी सांगते, ओर्ना. पुढच्या घासाला परत तेच. परत सांगते. तीस वर्षं मी तिची सून आहे.” तिने वाटीतला घास उगाचच आणखी कालवला. “काल तुझ्या आईलाही तेच विचारलं. सख्ख्या बहिणीला. तेव्हा माझ्या मनात आलं, चला, मी एकटीच नाही. आणि मग त्याची लाज वाटली.”

मी सुरी खाली ठेवली.

“वहिनी, मराठीत ‘मी’ म्हणजे कोण नाही.”

“मग?”

मी छातीवर हात ठेवला. “मराठीत ‘मी’ म्हणजे… मी.”

ती गॅस बंद करायला वळली. तो बंदच होता, तरी दोनदा बटण फिरवून पाहिलं.

“ती हिब्रूच बोलायची,” ती म्हणाली. “माझ्याशी कायम हिब्रू. बेनी होता तेव्हा ते दोघं मराठीत बोलायचे, मी लक्षच दिलं नाही. डॉक्टर म्हणाले, तुटक शब्द येतील. कुठल्या भाषेतले, हे कोणी विचारलं नाही.” मग वाटी जवळ ओढून म्हणाली, “वाटी घेऊन गेले की म्हणते.”

“मग म्हणत असेल, मी खाते. माझी मी खाते.”

आईला उठवलं. तिला सांगितलं तर ती नुसती म्हणाली, “अगं, लहानपणापासून ती तशीच. कोणी भरवलेलं तिला चालायचंच नाही.”

आम्ही तिघी मांडवात गेलो. वहिनीने वाटी पुढे केली.

“मी,” मावशी म्हणाली.

वहिनीने या वेळी आपलं नाव सांगितलं नाही. तिने चमचा मावशीच्या डाव्या हातात दिला.

मावशी त्या चमच्याकडे किती तरी वेळ बघत होती. मग तो वाटीत खुपसला. पहिला घास मांडीवर सांडला. दुसरा निम्मा गळ्यावर. वहिनीचा हात रुमालासकट पुढे झाला, तो आईने मनगटाशी धरला. “राहू दे. सांडू दे तिला.” भाषा कळत नसूनही वहिनीने हात मागे घेतला. तिसरा घास तोंडात गेला. मावशी डोळे मिटून चावत राहिली.

“तिला विचार,” वहिनी मला म्हणाली. “मी कोण ते विचार.”

मी आईला सांगितलं. आईने विचारलं, “ताई, ही कोण गं?”

मावशीने चमचा खाली ठेवला. तोंड हललं, शब्द येईना. मानेच्या शिरा ताणल्या. “मा…” ती म्हणाली. “मा…”

वहिनी मटकन बाकावर बसली. “हिब्रूत ‘मा’ म्हणजे ‘काय’,” ती म्हणाली. “आता ‘काय’ विचारतेय.”

“थांब, वहिनी. तिचं व्हायचंय.”

मावशीने हात लांब केला, वहिनीच्या एप्रनची कड मुठीत धरली आणि ओढली. “मा… झी,” ती म्हणाली. “माझी.”

मी वहिनीला अर्थ सांगितला. ती आत गेली, नळ बराच वेळ वाहत होता. तोंड धुऊन बाहेर आली ती माशांचं पातेलं घेऊनच, आणि आम्हालाच रागावली. “जेवा आता. थंड झालं सगळं.”

यानंतर काही चमत्कार झाला नाही. काही दिवस मावशी अख्खी सकाळ गप्प असायची. एकदा तिने मला खरंच ओळखलं नाही. माझ्याकडे पाहून घाबरली. पण आईने बसून ऐकलं तेव्हा कळलं, आठ महिने जे नुसते आवाज वाटत होते त्यांत शब्द होते. ‘पु’ म्हणजे पुरे. ‘दु’ म्हणजे दुखतंय. वहिनीने ते हिब्रू अक्षरांत लिहून फ्रिजवर लावले आणि नोआ तिच्याकडून उच्चार घोटून घेऊ लागली. आयरिश वळणाच्या ‘र’ने शिकवलेलं मराठी एक मोरोक्कन बाई गालीलमध्ये म्हणत होती, “पुर्रे?” आईने मलिदा केला, तो मावशीने हाताने खाल्ला. एके दुपारी वाऱ्याने मांडवाच्या दोन झावळ्या उडवल्या, त्या शेजाऱ्याच्या कोंबड्यांवर पडल्या आणि गोंधळ निस्तरायला अर्धी गल्ली जमली. मावशी हसली. हसणं मात्र झटक्याने नेलं नव्हतं, पूर्वीइतकंच मोठं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, “मी थांबते.”

“कुठे?”

“इथे. आणखी दोन महिने. ओर्नाशी बोलले मी.”

“कुठल्या भाषेत?”

“बोलले,” आई म्हणाली.

परतीच्या विमानात आमच्याजवळची तिसरी सीट रिकामी होती. नोआने तिच्यावर आपला कोट ठेवला. डब्लिनला उतरलो तेव्हा पाऊस होता, सगळं ओलं आणि हिरवं. घरापर्यंत मी एकच विचार करत होते. आठ महिने दर शुक्रवारी वहिनी सांगायची, ती कोणाला ओळखत नाही, आणि आम्ही इकडून “अरेरे” म्हणायचो. तू हे कशावरून म्हणतेस, असं एकदाही विचारलं नव्हतं. एवढं विचारलं असतं तर हे फोनवरच उलगडलं असतं. आणि एक वहिनी होती, समोरची आपल्याला ओळखत नाही असं धरून चालली होती, तरी रोज वाटी घेऊन जात होती.

पुढच्या शुक्रवारी फोन केला. आईने उचलला.

“आत्ता नको गं,” ती म्हणाली. “ताई जेवतेय. तास लागतो तिला.”

पण फोन बंद करायला ती विसरली. पलीकडे चमचा खाली पडल्याचा आवाज झाला. कोणी तरी काही तरी म्हणालं, तिघी हसल्या. मी ऐकत बसले.