वाऱ्याच्या आडून

कान तपासायच्या दवाखान्यात तिचं काम एकच, काचेच्या खोलीत बसलेल्या माणसाला बारीक आवाज ऐकवायचे. पण मोटरसायकलवरून तिथे पोचेपर्यंत वाऱ्याने तिच्याच कानांत शिट्टी धरलेली असायची. शेवटी ती हेल्मेट घ्यायला गेली आणि एकेक डोक्यात घालून दुकानातल्या पंख्यासमोर मान वळवत उभी राहिली.

"बाई, हेल्मेट घेताय की विमान?" दुकानदार वैतागला.

गालांना घट्ट बसणारं, काच फट न ठेवता मिटणारं आणि हनुवटीखाली वारा अडवणारी पट्टी असलेलं हेल्मेट तिने निवडलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आपलं जुनं, उघड्या तोंडाचं हेल्मेट घालून नेहमीसारख्या मागे बसल्या. त्यांना वाटेत शिवणाच्या दुकानात सोडायचं असे. गाडीने वेग घेतला तसं मागून स्वच्छ ऐकू आलं, "गाडी चालवते की पीठ चाळते, देव जाणे!"

म्हणजे इतकी वर्षं वाऱ्याच्या आडून हे चालू होतं तर! ती गालातल्या गालात हसली.

"हिला कधी चहाला थांबायचं सुचेल तर शपथ!"

तिने चहाच्या दुकानापाशी ब्रेक लावला. सासूबाई चकित. "मनकवडी आहेस गं!"

खरं सांगून टाकावं, असं तिला वाटलं. पण मग मागची बडबड कायमची बंद झाली असती. तिने दोन चहा सांगितले.

पुन्हा निघाल्यावर पुटपुट आली, "पोरगी गुणाची आहे. पण तोंडावर म्हटलं तर डोक्यावर बसेल."

"काही म्हणालात का, आई?"

"छे गं! वारा असेल."

"असेल हो. नवं हेल्मेटही कुचकामीच निघालं," ती म्हणाली आणि शिवणाचं दुकान लवकर येऊ नये म्हणून तिने गाडी हळू केली.