ओवाळणीची ट्रंक

मॅट्रिकचा निकाल लागला त्याच आठवड्यात आबांनी महाडच्या बाजारातून पत्र्याची हिरवी ट्रंक आणली. कॉलेजात जाणाऱ्या मुलाकडे ट्रंक असते, एवढंच त्यांना कॉलेजबद्दल ठाऊक होतं. फी, पुस्तकं, खानावळ हे सगळं त्यांनी सरकारवर सोडलं होतं. चवदार तळ्याच्या वाटेवर एक पेंटर बसायचा. त्याच्याकडून झाकणावर पांढऱ्या अक्षरांत माझं नाव घालून घेतलं. खाली कॉलेजच्या नावापुरती जागा मोकळी ठेवली. "ते मागनं टाकू. आदी मंजुरी येऊ दे," आबा म्हणाले. बाजारात बाशिंग, घरात नवरी नाही, असा सगळा प्रकार.

आमचं गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात. घरात माणसं तीन. आबा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ताई आणि मी. आई मी चौथीत असताना गेली. पुढे मी महाडच्या बोर्डिंगात राहून शिकलो आणि गावात पहिला वर्ग मिळवणारा पहिलाच निघालो. त्याचं कौतुक दोन दिवस झालं. तिसऱ्या दिवशी लावणी होती.

कर्जाची बातमी हेडमास्तरांनी दिली. सरकारने नवीनच योजना काढली होती. हुशार आणि गरीब मुलांना कॉलेजसाठी बिनव्याजी कर्ज, नोकरी लागली की थोडं थोडं फेडायचं. हेडमास्तरांनी फॉर्म माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हुशार आहेस, हे मी लिहून देतो. गरीब आहेस, हे तलाठ्याकडून लिहून आण." पुण्याच्या कॉलेजातल्या कुणाला तरी पत्र लिहून त्यांनी माझी जागा गणपतीपर्यंत राखून ठेवली. मी घरी येताना अख्खा चढ फॉर्म पोटाशी धरून चढलो. माझ्या आयुष्यात तेव्हा दुसरं काही मागायचं नव्हतं.

तलाठी आमच्या चावडीवर गुरुवारी येत. मी आणि आबा गेलो तेव्हा पाऊस लागला होता. आत तलाठी, पाटील, दोन पंच आणि कोपऱ्यात गुडघ्यांमध्ये छत्री धरून बसलेले एक पाहुणे. त्यांना बघून आबा उंबऱ्यातच थबकले. शिवथरच्या खोऱ्यातले ते गृहस्थ आठच दिवसांपूर्वी आपल्या मुलाला घेऊन ताईला बघून गेले होते. होकार कळवायचा राहिला होता. आमच्याकडे सोयरीक पक्की करण्याआधी मुलाकडचा जाणता माणूस मुलीच्या गावच्या चावडीवर जाऊन तिच्या घरचा सातबारा बघून येतो. कुणी विचारलं तर "सहज आलो व्हतो" म्हणायचं. तो कशाला आलाय हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी ते बोलून दाखवत नाही. पाहुणे आबांना म्हणाले, "सहज आलो व्हतो."

आबांनी पुढच्या गुरुवारी येतो म्हणून परतायला हवं होतं. पण मग पाहुण्यांना वाटलं असतं, हा माणूस लपवतोय काहीतरी. ते बसले. तलाठी पुण्याकडचे, कामाला चोख. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि खड्या आवाजात विचारलं, "भात किती होतं तुमचं?"

"व्हतं की," आबा म्हणाले. "वर्षाचं खाऊन उरतं."

शिमग्यानंतर आम्ही नाचणीवर असायचो. पाटलांनी पानाला चुना लावायला घेतला.

"आणखी काही उत्पन्न?"

"धाकटा भाव हाय ना मुंबयला, गिरणीत. दर म्हैन्याला मनीऑर्डर येते."

काकाची शेवटची मनीऑर्डर आई गेली त्या वर्षी आली होती. नंतर त्याने मुंबईत संसार थाटला आणि पोस्टमन आमच्या घराची वाट विसरला. हे पाटलांना ठाऊक होतं, दोन्ही पंचांना ठाऊक होतं आणि दर गुरुवारी येणाऱ्या तलाठ्यांनाही ठाऊक असणार. त्यांनी टाक उचलून धरला. "मनीऑर्डर उत्पन्नात धरावी लागेल. लिहू?" प्रश्न आबांना होता, पण बघत होते ते माझ्याकडे.

काका आता पैसे पाठवत नाय. पाच शब्द होते. मी ते जिभेवर आणलेही. पण ताईला विशी लागली होती, दोन स्थळं येऊन माघारी गेली होती आणि पाहुण्यांची नजर माझ्यावरच होती. मी मान खाली घातली. आबांचे पाय दिसले, गुडघ्यापर्यंत लावणीच्या चिखलाचे.

"लिवा," आबा म्हणाले.

पाटलांनी सही केली, पंचांनी अंगठे उठवले. हजार खोटं बोलावं पण एक लग्न जमवावं, असं आमच्याकडे म्हणतात. त्या दिवशी चावडीतल्या सगळ्यांनी मिळून ते पुण्य जोडलं. पाहुण्यांनी जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शिक हो बाबा, खूप शिक."

घरी येताना आबा बैलाच्या खुराविषयी बोलत राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता, की मी वाटेत मुद्दाम मागे राहिलो. ते एकदाही थांबले नाहीत. त्या दिवसापासून एका घरात राहून मी एकटा झालो. ताईला सांगावं तर तिचंच लग्न. आबांशी बोलावं तर काय बोलावं?

गणपतीच्या आधी पत्र आलं. पोलादपूरच्या पोस्टाच्या पायरीवर बसून मी ते तीनदा वाचलं. वार्षिक उत्पन्न मर्यादेपेक्षा जास्त असल्याने अर्ज नामंजूर. हेडमास्तर म्हणाले, "वडिलांकडून लिहून आण की जबाब चुकीचा होता. मी पुन्हा पाठवतो." तोवर ताईची सुपारी फुटली होती. मी हेडमास्तरांना हो म्हटलं आणि परत त्यांच्याकडे गेलोच नाही. आबांना पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि गोठ्यात गेले.

मार्गशीर्षात ताई सासरी गेली. मला घाटाच्या अंगाच्या एका वाडीत मास्तरकी मिळाली. चार वर्गांना एक खोली आणि एक मास्तर. संध्याकाळी पोरं गुरांमागे गेली की बोलायला माणूस नसे. मी पोरांच्या वह्या पुन्हा पुन्हा तपासत बसायचो. एकदा तर कोऱ्या पानांवरही तारखा घातल्या. इतकं एकटं वाटायचं, की तपासायला आलेल्या साहेबाने मला झापलं तेव्हा बरं वाटलं. कुणीतरी माझ्याशी अर्धा तास बोललं होतं.

पुढची दिवाळी आली. भाऊबीजेला ताई माहेरी आली, अंगाने भरलेली, गालांत हसणारी. तिला बघून वाटलं, गप्प बसलो ते फुकट गेलं नाही. पाटावर बसलो. तिने ओवाळलं. मी पहिल्या पगारातून राखून ठेवलेले पैसे तबकात टाकायला हात पुढे केला, तर तिने तो धरला.

"पैसं नको रे. माजं मागनं हाय एक. ती हिरवी ट्रंक दे."

ती सांगतच होती. तिचा धाकटा दीर औंदा मॅट्रिक झाला होता. पुण्याच्या कॉलेजात गेला होता. सरकारी कर्ज गेल्याच आठवड्यात मंजूर होऊन आलं होतं आणि पोरगा अजून गाठोड्यातनं कपडे नेत होता.

"तुमच्याकडे तर उत्पन्न..." माझ्या तोंडून निघालं.

"कसलं आलंय उत्पन्न! तुमच्यापेक्षा दोन खाचरं कमीच. मामंजींनी तलाठ्याला घरीच जेवाय बोलावलं. दार लोटलं आन् सांगितलं समदं, काय हाय, काय नाय." मग ती हळूच म्हणाली, "तुला जायचंच नव्हतं ना रे? आबा म्हनाले, त्याचंच मन नाय शिकायचं. नायतर मी मागितली नसती."

आबा दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"नव्हतंच जायचं," मी म्हटलं.

ओवाळणी मागितली की नाही म्हणता येत नाही. आणि मला खरंच तिला नाही म्हणायचं नव्हतं, वाईट वाटत होतं ते वेगळंच. ती भाकऱ्या करायला गेली. मी मागच्या पडवीत ट्रंक आणली, फडक्यावर रॉकेल घेतलं आणि झाकणावरचं माझं नाव पुसायला बसलो. पेंटरने रंग चांगला वापरला होता. आडनाव निघालं, पण नावाची पहिली दोन अक्षरं काही केल्या जाईनात. शेवटी सुरीने खरवडली. तिथला हिरवा रंगही गेला आणि पत्रा उघडा पडला.

दुसऱ्या दिवशी तिला एसटीवर पोचवायला आम्ही दोघं पोलादपुरास गेलो. ट्रंक आबांनी डोक्यावर घेतली, मला हात लावू दिला नाही. गाडी गेली. परतीच्या चढाला अर्ध्या वाटेवर ते एकदम म्हणाले, "त्या दिवशी चावडीत तू बोलशील, असं वाटलं व्हतं मला."

"बोललो असतो तर?"

"तर मी आडवा आलो नसतो."

एवढं बोलून ते पुढे चालू लागले. मी मागे होतो. ट्रंकेखाली घेतलेली चुंबळ अजून त्यांच्या डोक्यावर तशीच होती, वर काही नसताना. ती उतरवायची त्यांना आठवण करून द्यायला हवी होती. मी याही वेळी काही बोललो नाही.