मोऱ्याचे स्पॅनिश सर

उरणजवळच्या मोरा बंदरातल्या कोळीवाड्यातला परेश दहा वर्षं मालवाहू बोटींवर इंजिनरूममध्ये होता. उरणच्या कॉलेजातून बी.ए. झाल्यावर मनासारखी नोकरी मिळेना, म्हणून त्याने खलाशाचं ट्रेनिंग घेतलं आणि बोटीवर चढला. इंजिनाच्या आवाजात कानांवर मफ लावायचे असतात. पण मफ लावले की साहेबाचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून हा डाव्या बाजूचा मफ कायम वर सरकवून ठेवायचा. २००९ साली कंपनीच्या मेडिकल तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं, डावा कान गेला. एकतिसाव्या वर्षी परेश घरी आला, तो कायमचाच.

बोटीवरचे त्याचे बहुतेक सोबती चिली देशाचे होते. त्यातल्या रामिरो नावाच्या इंजिनिअरने त्याला स्पॅनिश शिकवली. शिकवली म्हणजे काय, पाइपांच्या मधून ओरडून ओरडून कानात घातली. घरी आल्यावर त्या भाषेचा उपयोग काय, हे कोणालाच कळत नव्हतं, परेशलाही नाही.

त्याचा लहानपणीचा दोस्त गुरुदत्त पनवेलच्या एका शाळेची बस चालवायचा. एक दिवस जेटीवर बसल्या बसल्या तो म्हणाला, "आमच्या शालेत स्पॅनिश चालू केलीय, पन शिकवायला मानूस मिलत नाय. तुला येते ना?"

"बोलायला येते. शिकवायला कुठं येते?"

"मंग शिक की. पनवेलला ख्रिस्ती लोकांचं विद्यापीठ हाय, तिथं मास्तर घडवतात."

परेशने ते हसण्यावारी नेलं. पण त्याची बायको भाविका जासईला कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कामाला होती. तिने दुसऱ्याच दिवशी फोन करून चौकशी केली आणि फॉर्म मागवून घेतला. "एक वरीस मी बघते घराचं," ती म्हणाली. "तुमी जावा."

मुलाखत घ्यायला वसुंधरा मॅडम होत्या. नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातल्या, मिशनच्या शाळेत शिकवायला म्हणून बारा वर्षं कोलंबियात राहून आलेल्या. अंगावर साडी आणि पायात धावायचे बूट. त्यांनी स्पॅनिशमधून विचारलं, बोटीवर दिवसभर काय काम करायचात? परेश सुटलाच. बिघडलेला पंप कसा उघडायचा, हे त्याने पाच मिनिटं हातवारे करून सांगितलं.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि मराठीत म्हणाल्या, "बोलता झकास. पण मधे चार शब्द असे वापरलेत, की ते मला या खोलीत पुन्हा उच्चारता येणार नाहीत."

परेशचा चेहरा उतरला. "मॅडम, मला वाटलं ती नटबोल्टांची नावं हायेत."

मॅडम हसल्या नाहीत. पण हसू आवरायला त्यांना फॉर्म चाळावा लागला, हे परेशला दिसलं. "पहिल्या धड्यापासून सुरू कराल? अगदी बाराखडीपासून?" त्यांनी विचारलं. परेश हो म्हणाला.

वर्गात अकरा मुली आणि हा एकटा पुरुष, सगळ्यांपेक्षा दहा वर्षांनी मोठा. सकाळी हॉलमध्ये प्रार्थना व्हायची. कोणी त्याला सक्ती केली नव्हती, तरी तो मागे हात जोडून उभा राहायचा. प्रार्थना कुठलीही असो, त्या वेळात मन शांत होतं, असं तो भाविकाला सांगायचा. पहिल्या श्रुतलेखनात वीसपैकी तेरा शब्द चुकले. स्पॅनिशमध्ये 'ह' लिहितात पण उच्चारत नाहीत, आणि परेशची सगळी विद्या कानाची. ऐकू न येणारं अक्षर तो लिहिणार कसा? जाता-येता जासईला ट्रेलरांच्या रांगेत एसटी अडकली की तो मांडीवर वही घेऊन तेच शब्द गिरवत बसायचा. संध्याकाळी भाविका वही हातात धरून त्याच्याकडून क्रियापदं म्हणून घ्यायची. तिला स्पॅनिशचं काही कळत नव्हतं, पण इंग्रजी वाचता यायचं. अक्षर चुकलं की ती बरोबर पकडायची.

जानेवारीत नवीन पनवेलच्या एका शाळेत सहावीच्या वर्गावर सरावपाठ सुरू झाले. कानाचं परेशने विद्यापीठात कोणाला सांगितलंच नव्हतं. एका कानाचा माणूस भाषा शिकवणार म्हटल्यावर आपल्याला काढून टाकतील, ही त्याची भीती. पहिल्याच पाठाला त्याने डाव्या रांगेतल्या रियाला प्रश्न विचारला. तिने उत्तर दिलं. त्याला ऐकू आलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, तिने पुन्हा सांगितलं, आणि हा म्हणाला, "उत्तर येत नसेल तर अभ्यास करून यायचं." पोरगी रडवेली झाली. मागून एक मुलगा म्हणाला, "सर, तिने दोनदा सांगितलं."

शेवटच्या बाकावर वसुंधरा मॅडम बसल्या होत्या.

पाठ संपल्यावर व्हरांड्यात परेशने सगळं सांगून टाकलं. "उद्या पुस्तकं परत आणून देतो," असंही म्हणाला.

मॅडम चिडल्या होत्या. "कान गेला ही तुमची चूक नाही. त्या मुलीला सगळ्यांसमोर खोटं पाडलंत, ही तुमची चूक आहे. उद्या तिची माफी मागा. आणि स्पॅनिशमध्ये मागा, म्हणजे तेवढाच पाठ होईल."

दुसऱ्या दिवशी परेश रियाच्या बाकासमोर उभा राहिला आणि स्पॅनिशमध्ये माफी मागितली. मग सगळ्या वर्गाला सांगितलं, "माझा हा कान बंद आहे. या बाजूच्यांनी उभं राहून, तोंड उघडून, स्पष्ट बोलायचं." मुलांना गंमत वाटली. डावी रांग आठवडाभरात उजवीपेक्षा खणखणीत बोलायला लागली.

त्याच आठवड्यात 'ह'चा धडा आला. "लिहायचा, पण म्हणायचा नाही," तो म्हणाला. "आम्ही मोऱ्याला असंच बोलतो. वहीत 'आम्ही', तोंडात 'आमी'. त्यावरून मी शाळेत मार खाल्लाय. इथं मात्र त्यालाच मार्क आहेत."

रियाने विचारलं, "सर, तुम्ही अजून घरी 'आमी' म्हणता?"

"म्हणतो की."

मॅडमनी त्या दिवशीच्या शेऱ्यात एवढंच लिहिलं होतं: मुलं प्रश्न विचारू लागली. परेशने तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून घेतला.

२०११च्या मे महिन्यात पदवीदान झालं. परेशची आई हौसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, अंगावर होतं नव्हतं ते सोनं घालून भाविकाबरोबर आली. हातात झाकलेली टोपली, तिच्यात ताजी पापलेटं. दारावरचा माणूस टोपली आत नेऊ देईना, तेव्हा वसुंधरा मॅडम स्वतः बाहेर आल्या.

हौसाबाईंनी टोपली त्यांच्या हातात दिली. "बाय, पोर बोटीवरनं आला तवा दोन दोन दिवस त्वांड उघडत नव्हता. ऐकाया येत नाय म्हून गप, का दर्या सुटला म्हून गप, मला काय समजत नव्हता. आता संध्याकालचे दोघा नवरा-बायको त्या परक्या भाषेत बडबडतान नं मी भाकऱ्या थापतंय. मला एक शब्द कलत नाय, पन लय बरा वाटता."

परेश बाजूला उभा होता. आई हे असं काही मनात धरून होती, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मॅडमना आणि भाविकाला म्हणायचे म्हणून त्याने रात्री बसून आभाराचे चार शब्द तयार केले होते. ते बाजूला ठेवून तो नुसता मॅडमच्या पाया पडला.

"उठा, सर," मॅडम म्हणाल्या. मोठ्या माणसांत त्याला 'सर' म्हणणाऱ्या त्या पहिल्याच. मग हौसाबाईंचा हात धरून त्या त्यांना वसतिगृहाच्या स्वयंपाकघराकडे घेऊन गेल्या. "चला, मावशी. पापलेटाला तुमच्याकडे काय लावतात, ते मला दाखवा."

जूनमध्ये परेश खांदा कॉलनीतल्या एका शाळेत रुजू झाला. पहिल्या वर्षी त्याच्याकडे स्पॅनिशला सतरा मुलं होती.