ज्याची सही, तो मागच्या सीटवर

माझ्या मामाला अर्धा कान नाही. तरुणपणी विमानाच्या फिरत्या पंख्याच्या फार जवळ गेला होता. "डोकं वाचलं, पण त्याचा तरी काय उपयोग केलास," असं आई त्याला थोरल्या बहिणीच्या हक्कानं अजून ऐकवते.

मामा छोट्या विमानांचा मेकॅनिक. तीस वर्षं एकाच पत्र्याच्या शेडमध्ये काढली. ऐन उमेदीत एक विमान त्याच्या डोळ्यांदेखत कोसळलं. पेटलेल्या वैमानिकाला ओढून काढताना त्याच्या दंडाची कातडी मामाच्या हातात आली. तपासणीच्या कागदावर सही होती, पण सही ठोकणाऱ्यानं इंजिनाचं झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये मामाचा कायदा: कागदावर ज्याची सही, त्यानं पहिल्या उड्डाणाला मागच्या सीटवर बसायचं.

मग सरकार आणि एक कंपनी एकत्र आले. धावपट्टी सरकारची, विमानं कंपनीची. छोट्या विमानांना बरे दिवस येणार असं सगळे म्हणत होते, आणि ते खोटं नव्हतं. मला वैमानिकाची नोकरी त्यातूनच लागली. फक्त कागदावर आता सरकारी तपासनीस आणि कंपनीचा इंजिनियर अशा दोन सह्या लागायच्या. मामाच्या सहीला कुणी विचारेना.

उद्घाटनाचं उड्डाण माझं होतं. त्या सकाळी मामानं पंख्याच्या पात्यावर रॉकेल चोळलं, पुसलं आणि खडूची पूड लावली. पात्याच्या मुळाशी पुडीत केसाएवढी ओली रेघ उमटली. म्हणजे आत तडा होता, त्यात शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपत होतं.

तपासनीस म्हणाले, "इंजिनियरसाहेबांची सही बघूनच मी केली."

इंजिनियर म्हणाला, "मला वाटलं सरकारनं बघितलंय."

"मग दोघांपैकी एक जण बसा मागं," मामा म्हणाला.

दोघंही घड्याळ बघायला लागले. पाहुणे खोळंबले होते. "नंतर बघू," म्हणाले.

मामानं घण उचलला आणि पात्यावर घातला. माझं डोकंच फिरलं. म्हातारा माझ्या पोटावर पाय देतोय, एवढंच मला दिसत होतं. मी त्याची कॉलर धरली आणि डाव्या हातानं तोंडावर ठोसा हाणला. दुसरा उजव्यानं हाणला तेव्हा दात तुटल्याचं माझ्या बोटांना कळलं. तो पडला. रखवालदारांनी बरगड्यांत लाथा घातल्या. तो रक्त थुंकत उठला, मला खांद्यानं ढकललं आणि पुन्हा घण घातला.

पातं मुळातून तुटून माझ्या बुटांपाशी पडलं. तुटलेल्या जागी बोटभर कडा नवी, चकचकीत होती. बाकी सगळी जुनी, काळी पडलेली. तेवढ्या बोटभर धातूवर मी उडणार होतो.

त्यानंतर सरकार आणि कंपनीनं मिळून एक काम फार झटपट केलं. मामावर तक्रार केली. त्याचा परवाना गेला.

संध्याकाळी दवाखान्यात मी त्याचे पाय धरले. मला रडू आवरेना. सुजल्या तोंडानं तो म्हणाला, "तुझा डावा हात कच्चा आहे. विमान डावीकडे वळवताना जपून."

त्याची सही आता कुठंच चालत नाही. तरी दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला तो येतो, मागं बसतो आणि पट्टा आवळतो. मी आरशात बघतो. तो हसतो तेव्हा समोरचे दोन दात दिसत नाहीत. मग मी इंजिन सुरू करतो.