मुलचेऱ्याच्या सात मुंग्या

मुंग्यांवर पीएच.डी. करते आहे म्हटलं की लोक आधी हसायचे आणि मग हळूच विचारायचे, साखरेच्या डब्यातल्या मुंग्या जायला काय करावं? डब्यात लवंगा टाका, असं सांगून मी सुटका करून घ्यायची. माझ्या मुंग्या साखरेला लागणाऱ्या नव्हत्याच. त्या जंगलात, झाडावर, दोन-तीन पुरुष उंचीवर राहायच्या. पालापाचोळा चावून त्याचा लगदा करायच्या आणि फांदीला धरून काळपट, खरबरीत घर बांधायच्या. लांबून पाहिलं तर कुणी झाडावर शेणाचा पो फेकून मारलाय असं वाटावं.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. चंद्रपूरच्या एका कॉलेजात मी तासिकेवर प्राणिशास्त्र शिकवत होते आणि रविवार आला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मान वर करकरून झाडं न्याहाळत होते. सोबत अब्बा. एकट्या पोरीनं जंगलात जाणं आमच्या मोहल्ल्याच्या पचनी पडणारं नव्हतं, अम्मीच्या तर नाहीच. अब्बांनी त्यावर वाद घातला नाही. बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. शुक्रवारची सुट्टी त्यांनी रविवारी केली, शुक्रवारी नमाजापुरतं शटर खाली ओढायचे, आणि रविवारी सकाळी डबा घेऊन माझ्याआधी एसटी स्टँडवर हजर असायचे.

खरं सांगायचं तर दुकान बंद ठेवायला त्यांना जड जात नव्हतं. सेलवरची घड्याळं आल्यापासून चावीच्या घड्याळांना कुणी विचारत नव्हतं. सेल बदलायचा, पट्टा बदलायचा, एवढंच काम उरलं होतं. ‘हे काम तं माकडबी करन,’ असं ते म्हणायचे. हसत म्हणायचे, पण ज्या हातांनी घड्याळातली केसाएवढी कमान, म्हणजे स्प्रिंग, सरळ केली ते हात दिवसभर काउंटरवर नुसते पडलेले असत. मला ते बघवत नव्हतं.

अशात मुंग्या त्यांच्या हाती लागल्या. मुंगी ओळखायची तर ती बाटलीत ठेवून भागत नाही. स्पिरिटमधून काढून, कागदाच्या बारीक त्रिकोणाच्या टोकावर गोंदाच्या थेंबानं चिकटवायची, त्रिकोण टाचणीत खोचायचा, खाली चिठ्ठी: गाव, झाड, तारीख. मुंगी जेमतेम चार मिलिमीटरची. माझा हात जड आणि डोकं गरम. दुसरा पाय तुटला की मी चिमटा आपटून उठायची. एक दिवस अब्बांनी तो चिमटा उचलला, डोळ्याला भिंग चढवलं आणि मुंगी अशी बसवली की सहाही पाय मोकळे, दोन्ही मिशा पुढे, आत्ता चालू लागेल म्हणावं. तेव्हापासून ते काम त्यांचं झालं. माझ्या बाटल्या आणि पेट्या दुकानात गेल्या. गिऱ्हाइकांनी विचारलं, ‘चाचा, हे काय करून राह्यले?’ तर ते भिंग न काढता सांगायचे, ‘पोरीचं रिसर्च आहे. हात नका लावू.’

घरात आमची भाषा हिंदीत सुरू व्हायची आणि बाजाराच्या सवयीनं मराठीत संपायची. इथे मराठीतच लिहिते.

मुलचेऱ्याकडे बंगाली लोकांची गावं आहेत. तशाच एका गावाच्या कडेला मोहाच्या झाडावर ते घर दिसलं. झाडाची मालकीण म्हातारी आम्हाला चहा देऊन म्हणाली, हवं तर अख्खं घर घेऊन जा, या मुंग्या मोहफुलं वेचू देत नाहीत. मी बांबूनं फांदी हलवली आणि शेकडो मुंग्या बाहेर आल्या. या कुळातल्या मुंग्यांची एक खूण आहे. चिडल्या की पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं आपलं पोट त्या वर उचलून थेट डोक्यावर आणतात. माझ्या मानेला त्या दिवशी बऱ्याच चावल्या. अब्बा लांब उभे राहून सांगत होते, ‘झटकू नको, पाय टुटतीन त्यायचे.’

परतीच्या एसटीत बाटलीचं बूच सैल झालं आणि स्पिरिट पिशवीत जिरलं. पुढे कॉलेजच्या परीक्षा लागल्या, मला ते कळलंच नाही. बाटली उघडली तेव्हा मुंग्या वाळून कुरकुरीत झाल्या होत्या. पोटं चुरमडून गळून पडलेली. मी बाटली केराच्या टोपलीत टाकायला निघाले.

‘फेकू नको,’ अब्बा म्हणाले. ‘दे इकडे.’

आठ दिवसांनी त्यांनी पेटी माझ्यापुढे ठेवली. सात मुंग्या, धडधाकट, एका रांगेत. ‘सात निघाल्या,’ ते म्हणाले. त्या चुऱ्यातून सात शाबूत मुंग्या त्यांना सापडल्या, असं मी समजले. कशा सापडल्या, हे मी विचारलं नाही.

मुंगीची जात ओळखण्याचं पुस्तक म्हणजे फाट्यांचा रस्ता असतो. कंबरेला मणी एक की दोन? दोन असतील तर अमुक पानावर जा. पोट मागून जोडलंय की वरून? वरून असेल तर तमुक पानावर. असं करत करत एका नावाशी पोचायचं. माझ्या सात मुंग्या शेवटच्या फाट्यापर्यंत सरळ गेल्या आणि तिथे अडल्या. पाठीवरचे दोन काटे आखूड आणि जाड, म्हणजे एक जात. पण त्या जातीचं पोट मळकट आणि बारीक लवेनं भरलेलं असतं. इथे पोट चकचकीत काळं, वर मोजकेच ताठ केस. तसं पोट दुसऱ्या एका जातीचं, जी मला सिंदेवाहीला धानाच्या बांध्यांजवळ ऐनाच्या झाडावर मिळाली होती. तिचे काटे मात्र लांब आणि सुईसारखे. थोडक्यात, मुंगी पुढून पाहिली तर एक आणि मागून पाहिली तर दुसरी.

पंधरा दिवस मी तेच ते बघत बसले. एखादी मुंगी विचित्र निघू शकते, पण सातच्या सात? पुन्हा मुलचेऱ्याला गेले तर वादळात फांदी मोडली होती आणि मुंग्यांनी जागा सोडली होती. मग मी स्वतःला सांगून टाकलं की ही नवी जात आहे. कुणी कधी पाहिलेली नाही, कुठल्या पुस्तकात नाही. माझ्यासारख्या तासिकेवरच्या बाईच्या हाती ती लागली होती, आणि माझे पाय जमिनीवर ठरेनात.

नवी जात जो शोधतो तो तिला नाव देतो. कुठलं नाव द्यायचं यावर मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. दुकानात जाऊन मी अब्बांना सांगितलं. त्यांनी भिंग काढलं, शर्टाला पुसलं, पुन्हा पुसलं.

‘मुंगीले माझं नाव?’

‘हो.’

‘मी मेल्यावरबी राहते ते?’

‘पुस्तकं आहेत तोवर राहते.’

त्यांनी भिंग पुन्हा डोळ्याला चढवलं. पण संध्याकाळपर्यंत बाजारातल्या शिंप्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना खबर लागली होती. अम्मी म्हणाली, नात झाल्यासारखे मिरवून राह्यले. नागपूरला माझे मार्गदर्शक सर होते, तेही खूश झाले, पण सावध माणूस. म्हणाले, आधी संग्रहालयातल्या तज्ज्ञांना दाखवू. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या मुंगीवरच असेल, असंही ठरलं. अब्बांनी पेटी कापसात गुंडाळून स्वतः रजिस्टर पोस्टानं पाठवली.

उत्तर यायला तीन महिने लागले. तज्ज्ञ बाई वयस्कर असाव्यात, अक्षर थरथरतं पण वळणदार होतं. त्यांनी अगदी सौम्यपणे लिहिलं होतं. एक मुंगी नीट बघण्यासाठी त्यांनी स्पिरिटमध्ये भिजवली, तर पोट सुटून वेगळं तरंगू लागलं. मग दुसरी भिजवली, तिचंही तसंच. सांधा लाखेचा होता. पुढचा भाग एका माहीत असलेल्या जातीचा, मागचा दुसऱ्या माहीत असलेल्या जातीचा. इतकं सफाईदार काम आपण कधी पाहिलं नव्हतं, असंही त्यांनी लिहिलं होतं, आणि शेवटी एकच प्रश्न विचारला होता: हे कुणी केलं?

लाख कुणाची, हे मला विचारावं लागलं नाही. चावीच्या घड्याळातले बारीक खडे लाखेनं बसवतात, आणि अब्बांच्या टेबलावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेची कुपी कायम असायची. मी दुकानात गेले. अब्बा समोरच्या बोळात चहा प्यायला गेले होते. मी सिंदेवाहीची बाटली काढून उजेडात धरली. तळाशी सात मुंग्या होत्या, पोट नसलेल्या.

मला राग आला. खूप आला. तीन वर्षं मी उन्हातान्हात फिरले, चावे खाल्ले, आणि ज्या माणसावर डोळे मिटून विश्वास टाकला त्यानं माझ्या कामाचा चुरा केला, असं त्या क्षणी मला वाटलं. अब्बा आले तशी मी बाटली त्यांच्यापुढे आपटली आणि पत्र वाचून दाखवलं.

त्यांना आधी कळेचना की चुकलं काय.

‘मुलचेऱ्याचे पोटं सगळे चुरा झाले होते,’ ते म्हणाले. ‘म्या सिंदेवाहीचे लावले. साइज पाहूनच लावले, बेटा. बरोबर बसले.’

‘मला सांगितलं काऊन नाही?’

‘त्याच्यात सांगाचं काय? टुटलेलं काम गिऱ्हाइकाच्या हाती देत नाई आपण. घड्याळात कमान दुसरी टाकली तं घड्याळ दुसरं होते का?’

‘घड्याळ नाही होत, अब्बा. मुंगी होते.’

ते स्टुलावर बसले. बाटली उचलून त्यांनी त्या सात मुंग्या भिंगातून पाहिल्या.

‘म्हणजे तशी मुंगी दुनियेत नाईच?’

‘नाही.’

‘फक्त माझ्या दुकानात झाली.’

मी मान हलवली. त्यांचा चेहरा असा उतरला की माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी नुसती लाज उरली. चाळीस वर्षं तुटलेलं जोडत आलेल्या माणसाला मी तुटकं काम दिलं होतं, आणि तुटलेलं तुटकंच ठेवायचं असतं हे सांगायला विसरले होते. बाजारात ते आता कुणाला काय सांगणार होते, याचा विचारही मला करवेना.

घरी जाऊन मी सरांना पत्र लिहिलं. नमुने टपालात खराब झाल्यामुळे नव्या जातीचा दावा मागे घेत आहे, एवढंच. खोटं होतं, पण त्यात अब्बा कुठे येत नव्हते. तज्ज्ञ बाईंना काय कळवायचं ते नंतर पाहू, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बा दुकानाला निघाले तेव्हा पाकीट त्यांच्या हातात दिलं. पोस्ट त्यांच्या वाटेवरच होतं.

एका पायात चप्पल घालून ते थांबले. ‘काय लिहिलं?’

मी सांगितलं.

‘पोस्टाची काय चूक याच्यात?’

‘अब्बा, जाऊ द्या ना.’

‘जाऊ कसं देऊ? तुझ्या पेट्यांत शेकड्यानं मुंग्या आहेत. कोणती जोडलेली अन् कोणती साबूत, तुले मालूम आहे?’

मला माहीत नव्हतं. रात्रभर हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी सात मुंग्यांसाठी रडत होते, आणि इथे तीन वर्षांचं सगळंच काम संशयाखाली आलं होतं. एकेक मुंगी भिजवून बघायची तर निम्मा संग्रह नासला असता.

अब्बांनी चप्पल काढली, परत आत आले आणि सतरंजीवर मांडी घालून बसले.

‘मले सगळं याद आहे,’ ते म्हणाले. ‘लिही. दुसरी पेटी, तिसरी रांग, पहिली मुंगी, डावी मिशी. तिसऱ्या पेटीत दोन, मागचे पाय. कोरपन्याची एक आहे, तिचं डोकं त्याच झाडावरच्या दुसरीचं.’

असं एकेक करून त्यांनी सगळ्या सांगितल्या. एकदाही अडखळले नाहीत. पुढे, लाखेचा सांधा कसा दिसतो ते कळल्यावर, मी प्रत्येक मुंगी भिंगाखाली तपासली, त्यांनी सांगितलेल्या सोडून एकही जोडलेली निघाली नाही. त्या सगळ्या काढून टाकल्या तरी प्रबंध उभा राहिला, एक प्रकरण कमी होऊन. पण हे पुढचं. त्या सकाळी मी लिहिता लिहिता थांबून म्हटलं, सरांच्या नव्या पत्रात हे सगळं ‘एका कारागिराकडून झालं’ असं लिहिते, सर समजून घेतील.

‘कारागीर काऊन?’ अब्बा म्हणाले. ‘मुंगीले माझं नाव देणार होती ना? आता ते इथी दे.’

मी तो कागद बाजूला ठेवला. नवा घेतला आणि पहिल्याच ओळीत त्यांचं पूर्ण नाव लिहिलं.