लांज्याची पाच मिनिटं

रत्नागिरी–राजापूर एसटीवर मी कंडक्टर आहे. ही लाइन मी भांडून मिळवली. "बाईमाणसाला लांबची ड्युटी झेपत नाही," असं डेपोतले साहेब म्हणाले, आणि मी हट्टाला पेटले. गाडीत पाय ठेवला की पाण्याचा घोट घ्यायचा नाही. पाणीच नाही, तर स्टँडवरच्या त्या संडासाचं तोंड कशाला बघावं लागतंय! आम्ही सगळ्याच कंडक्टर बायका असं करतो आणि वर फुशारकीही मारतो.

मग पोटानं सूड उगवला. शौचाला खडा होऊ लागला. बसलं की काचेनं चिरल्यासारखी कळ, लालभडक रक्त आणि पुढे बराच वेळ नुसती आग. खड्ड्यांतून गाडी उडायची तेव्हा सीटवर टेकणं अशक्य, म्हणून मी राजापूरपर्यंत उभीच. "काय कामसू बाई आहे!" असं पॅसेंजर म्हणत. मी दात आवळून हसायची.

"मूळव्याध हाय ती, सुरण खा," असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. सुरण खाऊन घसा तेवढा खाजला. मनात भलभलते आजार येत होते. शेवटी एका डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"मूळव्याध नाही, फिशर आहे," त्या तपासून म्हणाल्या. "गुदद्वाराशी चीर पडलीय. कडक शौचानं पडते. दुखतं म्हणून तुम्ही टाळता, मग ते आणखी कडक होतं." त्यांनी मलम दिलं, इसबगोल दिलं, टपात कोमट पाणी घेऊन बसायला सांगितलं, भाज्या वाढवायला सांगितल्या. बहुतेक चिरा एवढ्यानं भरतात, नाही भरली तर पुढचं बघू म्हणाल्या. "पण पाणी प्यायला हवं. नाहीतर पुन्हा चिरेल."

म्हणजे पाणी तरी प्यायचं, नाहीतर लाइन सोडायची. मी साहेबांसमोर उभी राहिले. "वाटेत लांज्याच्या स्टँडवर मला पाच मिनिटं लागतील."

"का?"

"फिशर झालंय. संडासाच्या जागी."

साहेब पेनाचं टोपण न्याहाळू लागले. "बरं, बरं." आणखी विचारलं असतं तर चित्र काढून दाखवलं असतं!

त्या दिवशी मी सगळ्यांदेखत बाटली तोंडाला लावली आणि लांज्याला जाहीर केलं, "गाडी पाच मिनिटं थांबेल. मी बाथरूमला जातेय."

"आता कंडक्टरसाठी पण थांबायचं?" मागून कोणीतरी कुरकुरलं.

पुढच्या सीटवरची म्हातारी टोपली सरकवून उठली. "थांब गो बाये, मी पन येतंय. कवापासून धरून बसलंय." तिच्यामागे कॉलेजच्या दोन मुली उठल्या, मग कडेवर पोर घेतलेली एक बाई.

आम्ही रांगेत उभ्या होतो, नाकाला पदर आणि ओढण्या लावून. मला इतका अभिमान वाटला, की चीर ठसठसत होती तेही विसरले.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. वाजवू दे. माझ्या डबल बेलशिवाय गाडी हलत नाही, आणि शेवटची बाई सीटवर टेकेपर्यंत मी ती दिली नाही.